आतल्या फळीला तेलाचा हात

पटो न पटो, हे घडलंय. माझ्याच बाबतीत.

वेळ रात्रीची नव्हती, भर दुपारची होती. जागा माझंच पॉलिशचं दुकान. आणि कपाट नवंकोरं, म्हणजे जुन्या मालकाचं भूत वगैरे काही नाही.

लाकूड मात्र बघत राहावं असं. फळीभर रेषांच्या लहरीच लहरी.

गिऱ्हाईक एक डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, "चकचकीत रंग नको. लाकूड लाकडासारखं दिसू दे, आणि टिकू दे."

"मग जवसाचं तेल," मी म्हणालो. "लाखेचं पॉलिश वरवर बसतं, पाणी सांडलं की पांढरे डाग. तेल आत मुरतं. पण बाई, तेल फक्त बाहेरून. आतून लाखच."

आमच्या धंद्यातला नियमच आहे तो. बंद कपाटात तेल कोंडलं की वास जाता जात नाही.

आणि तो नियम मीच मोडला. आत मागच्या फळीवर तेलाचा एक हात फिरवला. लहरी कशा उठतात ते बघायचं होतं. हौसेला मोल नाही!

उठल्या...

माणसाएवढ्या उंच. वर खांदे असावेत तशा.

मला हसूच आलं. "ये बाबा बाहेर," मी फळीला म्हणालो. माझी जीभ कधी आवरली आहे!

चपला बाहेर काढून, कोपरे पुसायला आत शिरलो.

मागे दार लागलं... हळूच.

पॉलिशआधी आम्ही कडी, कुलूप, मुठी सगळं काढून ठेवतो. दार अडकायला काही नव्हतंच. मी ढकललं. हललं नाही. खांदा लावला. लाथ मारली.

भिंतच जणू.

फोन बाहेर टेबलावर. आणि शाळा सुटायची वेळ झालेली. माझी लेक पहिलीत. शाळेसमोर ट्रकचा रस्ता, आणि फाटकाशी ती एकटी माझी वाट बघणार.

घंटा ऐकू आली.

मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. कुलपाच्या भोकातून उजेडाचा ठिपका येत होता, तेवढाच आधार.

तो ठिपका गेला...

भोकासमोर कुणीतरी उभं होतं.

"कोण आहे? उघडा हो! पोरगी थांबलीय माझी!"

ठिपका परत आला. मग चपलांचा आवाज... डावी घासत चाललेली. माझीच चप्पल. आवाज दुकानाबाहेर गेला.

मी मागे टेकलो. फळी कोरडी ठणठणीत होती. आत्ता लावलेलं तेल! ते वाळायला दिवस जातो.

रडलो मी. खोटं कशाला बोलू? त्या अंधारात लेकीच्या नावाने रडलो.

किती वेळ गेला कोण जाणे. दार आपोआप उघडलं.

बाहेर चपला नव्हत्या. अनवाणीच शाळेकडे पळालो. फाटकाशी कुणी नाही.

वॉचमन हसला. "अहो, मघाशी तुम्हीच नेलीत की! मी हाक मारली, तर बघितलंही नाहीत."

तसाच घराकडे पळालो.

बायको दारातच. "ही काय पद्धत? पोरीला उंबऱ्यात सोडून, न बोलता निघून जायचं?"

लेक आत जेवत होती. मी तिला कवटाळलं. तिच्या तळहाताला जवसाच्या तेलाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी भीत भीत कपाट उघडलं. आतली फळी साधी, सरळ रेषांची. एकही लहर नाही. डॉक्टरीणबाईंना फळी बदलून दिली. कारण काय सांगणार, कपाळ?

लेकीला मी एकदाच विचारलं, "त्या दिवशी बाबा काही बोलले का गं?"

"हो," ती म्हणाली. "उद्या पण मीच येईन म्हणाले."

तेव्हापासून मी घंटेच्या कितीतरी आधी फाटकाशी जाऊन उभा राहतो. शाळा सुटते. लेक बाहेर येते आणि थबकते. आधी माझ्याकडे बघते...

मग माझ्या मागे.

आणि मगच हात देते. मागे वळून बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.