‘आजोबा’ नावाचं वायफाय

ही गोष्ट माझ्या घरातली आहे आणि खरी आहे. मी अक्षरं शिकले पन्नाशीनंतर. मनचं रचून लिहिणं मला साधत नाही. घडलं तेवढंच लिहिते.

नात दहावी पास झाली, ते वर्ष.

निकालानंतर महिन्याभरात ह्यांना दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात हलवावं लागलं. तीन तासांचा रस्ता. मुलगा, सून, नात सगळे सोबत गेले. माझे गुडघे सुजलेले, म्हणून मी घरी एकटी.

ऑपरेशन दुपारी चारला होतं. त्याआधी मला ह्यांच्याशी तोंड बघून बोलायचंच होतं. निघताना आमचं वाजलं होतं. मी रागाने दारापर्यंतसुद्धा गेले नव्हते.

नातीने जाताना लॅपटॉप लावून दिला होता. “आजी, तो चावत नाही. कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह आहे ना, ते दाबलं की आसपासच्या वायफायची नावं येतात.”

नावं सगळी इंग्रजी. फक्त ह्यांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला तिने मराठीत नाव दिलं होतं. मला वाचता यावं म्हणून. आजोबा.

तीन वीसला वीज गेली.

पंखा थांबला. भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचे हिरवे दिवे विझले. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण नेट नाही. चिन्ह दाबलं... यादी कोरी. शेजाऱ्यांचीही नावं गेलेली.

माझ्या छोट्या फोनवरून मुलाला सांगितलं.

“आई, थांब जरा. येईल वीज.”

“साडेतीन होत आले रे! वीज काय माझी सून आहे, हाक मारली की यायला?”

पुन्हा यादी उघडली.

एक नाव आलं होतं...

आजोबा.

सिग्नलची एकच कमान. वाटलं, हे मोबाइल घरीच विसरले. उशीखाली पाहिलं, कपाटात, सदऱ्याच्या खिशात. नव्हता.

परत आले तर दोन कमानी.

जिन्यात कुत्रं भुंकत होतं. ते मध्येच गप्प झालं...

तीन कमानी.

लॅपटॉप आपोआप जोडला गेला. मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

“लागलं? कुणाचं नेट?”

“ह्यांचंच की. मोबाइल इथेच विसरलेत.”

“आई, बाबांचा मोबाइल माझ्या हातात आहे. सकाळपासून बंद.”

मी ते नाव पुन्हा वाचलं. पण वेळ नव्हता.

“राहू दे. आधी त्यांना दाखव.”

हे पडून होते. डोळे मिटलेले.

“अहो... चुकलं माझं. ऐकू येतंय ना?”

ह्यांनी डोळे उघडले.

“दार उघड की गं. किती वेळ उभा करशील?”

मुलगा हसला. “गुंगीत आहेत, आई.”

मी हसले नाही. सगळ्या कमानी भरल्या होत्या.

दार दहा पावलांवर. गुडघे धरत गेले. कडीला हात लावायचा धीर होईना. तशीच उभी राहिले...

मग उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. फक्त ते कुत्रं. शेपूट हलवत होतं. माझ्याकडे नाही... माझ्या मागे, घरात बघत होतं.

परत आले. कॉल तुटलेला. यादी कोरी. छोटा फोन वाजत होता.

दार उघडायला मी उशीर केला म्हणून, की उघडलं म्हणूनच हे झालं? अजून झोपेतून उठून बसते. कुणाला विचारू...

माझे पती त्याच दुपारी वारले. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. ऑपरेशनला नेण्याआधीच.