दोन गाण्यांमधली जागा

आमच्या रेडिओ केंद्रावरचा सकाळचा कार्यक्रम ताई चालवायची. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण आणि केंद्राचा व्यवस्थापक मी. त्यामुळे चारचौघांत ती मला ‘साहेब’ म्हणायची आणि डबा खाताना कान धरायची. लोक तिला फोन करून गाऱ्हाणी सांगत. नळाला पाणी नाही, पूल खचलाय, दवाखान्यात डॉक्टर फिरकत नाही. ती लगेच त्या अधिकाऱ्याला फोन लावून सगळ्यांच्या देखत उत्तर मागायची.

पुलाचं तिने पुन्हा एकदा विचारलं आणि मला वरून फोन आला. धमकी वगैरे काही नाही. “निवडणूक तोंडावर आहे, लोकांना जरा गाणी ऐकवा की,” एवढंच. मी ‘हो’ म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की पलीकडचा माणूसच क्षणभर गडबडला.

ताईला सांगितलं की श्रोते घटलेत, जाहिरातदार कुरकुर करताहेत, शेवटी हा धंदा आहे.

“माझा आवाज थकलाय का रे?” तिने विचारलं. “खरं सांग.”

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. तिने आपला कप विसळला, पिशवीत टाकला आणि गेली. आता दिवसभर संगणक गाणी लावतो. जाहिराती खरोखरच वाढल्या. माझं खोटं असं परस्पर खरं झालं, याचीच मला जास्त लाज वाटते.

दोन गाण्यांच्या मध्ये जागा पडू लागली ती त्यानंतर. आमच्याकडे शांतता म्हणजे मोठा गुन्हा. प्रसारण गप्प झालं की भोंगा वाजवणारं एक यंत्रच आहे. एका दुपारी मी खोलीत रेडिओ लावून बसलो होतो. गाणं संपलं आणि पुढचं सुरूच होईना. बारीक खरखर तेवढी येत होती. भोंगा आता वाजेल, मग वाजेल, म्हणून मी वाट पाहिली. तो वाजला नाही. मग निवांतपणे पुढचं गाणं लागलं.

इंजिनियरला बोलावलं. त्याने माझ्यासमोर वायर काढली, तर भोंगा असा कोकलला की सगळी इमारत दचकली.

“यंत्र ठणठणीत आहे, साहेब.”

“मग मघाशी का नाही वाजलं?”

तो हातातल्या पेचकसाकडे बघत राहिला. “मघाशी शांतता कुठे होती? तुम्ही बोलत होतात की.”

मी हसलो. तो हसला नाही.

“काय बोलत होतो?”

“तेच. श्रोते घटले नव्हते. पुलाचं विचारलं म्हणून वरून फोन आला, म्हणून ताईंना घरी बसवलं.”

त्या फोनबद्दल मी बायकोलाही अवाक्षर बोललो नव्हतो.

मी स्टुडिओत जाऊन हेडफोन लावले. गाणं संपलं. कानात फक्त खरखर. पण समोर आवाजाची पातळी दाखवणारा काटा हलत होता. भरभर हलायचा, मध्येच थबकायचा, पुन्हा हलायचा. मी दम घ्यायला जिथे थांबतो, तिथेच तो थांबत होता.

खाली लिफ्टमन अदबीने उठून उभा राहिला. “हिंमत लागते, साहेब,” तो म्हणाला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. धीर करून त्या वरच्या माणसालाच फोन लावला, तर तोच गोड आवाज म्हणाला, “गाणी छान चाललीत तुमची.” त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी तडक ताईकडे गेलो. निदान तिला तरी स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ओट्यावर रेडिओ.

“ताई, मी...”

“थांब. गाणं संपतंय.”

गाणं संपलं. तिचे हात थांबले. मान किंचित कलती करून ती ऐकत राहिली. मला नळाची टिपटिप ऐकू येत होती.

पुढचं गाणं लागलं. तिने पदराने डोळे टिपले आणि रेडिओ बंद केला.

“साऱ्या गावाला सांगतोस,” ती म्हणाली. “मला एकदा समोर बसून सांग. माझं काही म्हणणं नाही मग.”

मी सांगितलं. पूल, फोन, माझं ते ‘हो’. तिचा आवाज कधीच थकला नव्हता, हेही. न अडखळता, सगळं. माझे शब्द मला स्वच्छ ऐकू येत होते.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बोल ना रे,” ती म्हणाली. “नुसते ओठ काय हलवतोस?”