माळ्यावरची फळी

शिवम्माच्या धाकट्या पोराला, महांतेशला, ताठ बसायचं वळण म्हणून नव्हतं.

जेवताना भिंतीवरून घसरलेला. टीव्हीपुढं आडवा. पावणं घरात आलं तरी हा आपला ओल्या पोत्यासारखा कॉटवर सांडलेला. शिवम्मानं त्याला जन्मात जितक्या वेळा "ताठ बस" म्हटलं, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर ती एव्हाना कैलासात पोचून तिथल्यांना शिस्त लावत बसली असती.

दुसरी खोड त्याहून वाईट. घरातल्या वस्तूला हात लावताना विचारायचं नाही.

या दोन खोडींपायी जे घडलं ते खरं आहे. उत्तरेश्वर पेठेतल्या त्या बोळात आजही जाऊन विचारा. म्हातारी माणसं आधी इकडंतिकडं बघतील, मग आवाज खाली करतील, पण नाही म्हणणार नाहीत.

सन २००४. श्रावणातला शेवटचा सोमवार.

आणि वेळ रात्रीची नव्हती. अजून दिवेलागणसुद्धा झाली नव्हती. भुताखेताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आधी वाचावं.

महांतेश ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. साधं गिटार किणकिणतं, हे घुमतं. चार तारा, त्याही जाडजूड. आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. इतके दिवस तो दुसऱ्याचं मागून वाजवत होता. या गणपतीला स्वतःचं पाहिजे, तेही कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं नसेल असं, हे खूळ डोक्यात शिरलं.

मग मुंबईहून किट मागवला. म्हणजे सगळं सुटं. दांडा, तारा, खुंट्या, वायरी, बटणं आणि लाकडाचं धड. जोडायचं आपण.

पार्सल उघडलं तर धडाला उभी चीर.

परत पाठवून नवीन येईपर्यंत गणपती पाण्यात जाणार. महांतेशनं ठरवलं, धड आपणच करायचं.

शिवम्मा तेव्हा हुपरीला होती, थोरल्या लेकीच्या, विद्याश्रीच्या बाळंतपणाला. ती घरात असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण नव्हती.

महांतेश लाकूड शोधायला माळ्यावर चढला. जुनी ट्रंक, फुटकी घंगाळं, पाटा-वरवंटा... आणि अगदी कोपऱ्यात, पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेली, भिंतीकडं तोंड करून उभी केलेली एक फळी.

फणसाची. तीन बोटं जाड. पिढ्यानपिढ्या तेल पाजल्यासारखी गुळगुळीत.

त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं.

फळी घुमली.

त्यानं हात मागं घेतला... तरी ती घुमतच राहिली.

वाजवणाऱ्याला अजून काय पाहिजे? धडपा तिथंच टाकून तो फळी घेऊन थेट जोतीराम सुताराच्या दुकानात गेला. जोतीराम दुसऱ्या पेठेतला, त्याला काय ठाऊक. दोघांनी मिळून करवतीनं आकार काढला, पटाशीनं खोबणी पाडल्या, रंधा मारला. जोतीराम नंतर सांगायचा, उरलेले तुकडे त्यानं चुलीत घातले. धूर झाला. जाळ काही धरला नाही.

शिवम्मा हुपरीहून आली तेव्हा गिटार पॉलिश होऊन कॉटवर पडलेलं. महांतेशनं माळ्यावरचं लाकूड वापरल्याचं सांगितलं. बाळंतपणाच्या धावपळीनं तिचं अंग आंबलं होतं. तिला वाटलं, मोडक्या दिवाणाची फळी असेल. पोराच्या हातून एक काम तरी पुरं झालं म्हणून तिनं वर त्याला शाबासकी दिली.

प्रॅक्टिसला पोरं म्हणाली, असा आवाज आपण आजवर ऐकलाच नाही. ढोलकीवाल्या केरबानं मात्र दुसऱ्या दिवसापासून लांब बसायला सुरुवात केली. कारण विचारलं तर सांगेना.

मग घरात एकेक सुरू झालं.

महांतेश गिटार कॉटवर आडवं ठेवून झोपायचा. सकाळी ते भिंतीला टेकून उभं.

त्याला वाटलं, अव्वा, म्हणजे आई, उचलून ठेवते. अव्वाला वाटलं, हा ठेवतो. तिनं त्याला टोमणाही मारला, की तुझ्या त्या बाईला पाय फुटलेत काय रं.

एके दिवशी महांतेश बाहेर गेला होता. शिवम्मानं गिटार स्वतःच्या हातानं कॉटवर निजवलं. दाराला कडी घालून कोपऱ्यावरच्या नळाला गेली. घागर भरून आली, कडी काढली...

गिटार उभं.

पाठ भिंतीला. दांडा सरळ. कुणीतरी नीट बसवल्यासारखं.

त्यानंतर भांडी. भर दुपारी मांडणीतली ताटं बारीक थरथरायला लागायची. वाऱ्याचा पत्ता नाही. गिटारची वायर गुंडाळून ठेवलेली. तरी जमिनीतून काहीतरी वर यायचं, तळपायाला लागायचं. दुधाच्या पातेल्यात वलयं उठायची... आणि मिटायची.

रोज दुधाला टपलेलं मांजर उंबऱ्याच्या आत यायचं बंद झालं.

आणि मग... महांतेश ताठ बसायला लागला.

पहिल्यांदा शिवम्माला बरंच वाटलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या बसम्माला तिनं कौतुकानं सांगितलंही, की गिटारनं का होईना, पोराच्या पाठीला कणा आला. बसम्मा तिची जुनी मैत्रीण. म्हातारी हसली. म्हणाली, "बघ बाई. आमच्या चन्नवीरला पण एक आणून दे तसलं."

पण महांतेश जेवतानाही ताठ. बोलतानाही ताठ. मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचा.

पुढं झोपायलाही आडवा होईना. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच डोळे मिटायचा.

मग तो सोमवार आला.

दुपार कलली होती. शिवम्मा पूजा उरकून बाहेरच्या खोलीत आली. महांतेश भिंतीशी बसला होता. मांडी घातलेली. मान सरळ. डोळे अर्धे मिटलेले. गिटार पोटाशी, दोन्ही हात त्यावर निवांत ठेवलेले.

शिवम्मा तिथंच थबकली.

ही बैठक तिनं आधी पाहिली होती.

तिचे यजमान, महांतेशचे अप्पा, असेच बसले होते. ह्याच भिंतीला. अंगाला विभूती, गळ्यात हार... त्यांच्या शेवटच्या दिवशी.

ती तशीच माळ्यावर चढली. गुडघे दुखतात हेही विसरली. कोपऱ्यात पांढरा धडपा पडला होता. आत काही नव्हतं. भिंतीवर धूळ, आणि धुळीत फळीच्या आकाराची कोरी जागा.

ती फळी काय होती, ते आता सांगायला हवं.

लिंगायतात माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवतात. बसवूनच विमानातून, म्हणजे सजवलेल्या डोलीतून, रुद्रभूमीत नेतात आणि बसवूनच माती देतात. गेलेल्या माणसाची पाठ सरळ राहायला मागं आधार लागतो. त्या बोळात सगळ्यांच्या पाठीला एकच फळी लागायची. शिवम्माच्या आजेसासूच्याही आधीपासून. फळी सांभाळायचा मान शिवम्माच्या घराचा. कुणी गेलं की घरचा माणूस दारात येऊन एवढंच म्हणायचा, "वरची दे." काम झालं की धुऊन, धडप्यात गुंडाळून परत. तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. पोराबाळांसमोर तिच्याविषयी बोलायचं नाही. त्यामुळं महांतेशला कधी कळलंच नाही.

बोळातल्या सगळ्या गेलेल्यांनी जिला पाठ टेकली, ती फळी तिचं पोर पोटाशी धरून बसलं होतं.

शिवम्मा खाली उतरली. शिव्या ओठावर आल्या होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात चन्नवीर. बसम्माचा मुलगा. डोळे लाल.

"शिवाक्का, आई गेली," तो म्हणाला. "वरची दे."

तू हो पुढं, मी आलेच, असं काहीतरी ती पुटपुटली. मग मागच्या परड्यातून एक जुनी फळी उचलून बसम्माच्या घरी गेली. फळी धडप्यात गुंडाळलेली. कुणाला कळणार होतं?

बसम्माला कळलं.

तिला बसवलं, विभूती लावली, हात सोडले... आणि म्हातारी डावीकडं कलंडली.

पुन्हा बसवलं. पुन्हा कलंडली.

मागं उशा लावल्या, दोघांनी खांदे धरले, मान कापडानं बांधली. हात काढला की बसम्मा हळूच, समजून-उमजून केल्यासारखी, डावीकडं झुकायची. डावीकडं शिवम्माचं घर.

भजन थांबलं. विधी करायला आलेल्या स्वामींनी मंत्र थांबवला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चन्नवीरला रडू आवरेना. आईला नीट बसवून निरोप देता येईना, याहून मोठी नामुष्की कुठली?

तेवढ्यात... जमिनीतून ते आलं.

आवाज म्हणता येत नाही त्याला. घुमणं. तळपायातून पोटरीत, पोटरीतून छातीत. समईची ज्योत सरळ उभी राहून बारीक कापायला लागली. अंगणातली माणसंही पायाखाली बघू लागली.

शिवम्मा उठली आणि घराकडं धावली.

महांतेश तिथंच बसला होता. तसाच. बोटं तारांवर नव्हती, दोन्ही हात बाजूला सुटले होते. तरी सगळ्यात जाड तार इतकी थरथरत होती की एकीच्या दोन दिसत होत्या.

तिनं हाक मारली. पापणी हलली नाही.

हाताला हात लावला. गार.

बाई मोठी तोंडाची. बोळात तिच्या जिभेला माणसं वचकून. पण हे काम हाताचं होतं. तिनं दोन्ही हातांनी गिटार धरलं आणि ओढलं. येईना. पाटा-वरवंट्यासारखं जड. भिंतीला पाय लावून पुन्हा ओढलं...

ते सुटलं. आणि महांतेश ओल्या पोत्यासारखा जमिनीवर सांडला.

तो घोरायला लागला तेव्हा कुठं शिवम्मानं श्वास घेतला.

गिटार धडप्यात गुंडाळून तिनं बसम्माच्या घरी नेलं. माणसं बघत राहिली. धडप्यातून खुंट्यांचं डोकं बाहेर आलेलं. "वरचीच हाय," एवढंच ती स्वामींना म्हणाली. स्वामींनी बसम्माला उचलून धरलं, शिवम्मानं गिटार मागं उभं केलं. धड पाठीला, दांडा मानेमागं.

हात सोडले.

बसम्मा बसली. ताठ. चेहऱ्यावरचा ताण उतरला.

घुमणं थांबलं.

चन्नवीर म्हणत होता, ते आईबरोबरच मातीत जाऊ दे. स्वामींनी मान हलवली. म्हणाले, बोळात अजून माणसं आहेत, त्यांच्या पाठीला काय देणार? गिटार धुऊन शिवम्माकडं परत आलं. तिनं पक्कड घेऊन चारी तारा तोडल्या, पंचगंगेत टाकल्या, आणि ते माळ्यावर भिंतीकडं तोंड करून ठेवलं.

महांतेशला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. खूप माणसांमध्ये दाटीनं बसलो होतो आणि सगळी गप्प होती, एवढंच म्हणाला. खरं काय ते कळल्यावर त्यानं वाजवणं सोडलं. पुण्यात नोकरी धरली, लग्न केलं.

बोळात त्यानंतरही माणसं गेली. सगळी त्याच गिटारला टेकून बसली. कुणी हसलं नाही.

एकच गोष्ट शिवम्मानं आजवर नीट कुणाला सांगितलेली नाही.

कुणी जायच्या आधी माळ्यावरून ते घुमणं येतं. थोडंच. तारा नाहीत, तरी येतं. मग ती चहा टाकते आणि दार वाजायची वाट बघते.

२००९ च्या दिवाळीत महांतेश बायकोला, रक्षिताला, घेऊन घरी आला होता. दुपारी शिवम्मा लसूण सोलत बसली होती.

माळ्यावर घुमलं.

तिनं चहा टाकला. वाट बघितली. बोळातली एकेक म्हातारी माणसं डोळ्यापुढं आणली. सगळी धडधाकट.

संध्याकाळ झाली... दार वाजलंच नाही.

पानं वाढली. महांतेश जेवायला बसला. पाठ भिंतीला. मान सरळ. हात मांडीवर.

रक्षिता सासूला कौतुकानं म्हणाली, "बघितलं का अत्ती, किती सुधारलेत. हल्ली झोपतातसुद्धा बसूनच."

शिवम्मानं हातातली पळी खाली ठेवली. मग ती उठून महांतेशपुढं जाऊन उभी राहिली. माळ्याकडं एकदा बघितलं. खांद्याला धरून त्याला भिंतीपासून ओढलं, आणि वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ती पाठीला घ्यायची असती, तू पोटाशी धरलीस, म्हणून तिला तुझी चटक लागल्या. पण ह्या घरात वयाचा मान हाय. आधी माझी पाठ. तुझी पाळी तुझं केस पांढरं झाल्यावर. तवर माझ्यासमोर ताठ बसायचं न्हाय. लोळ, मेल्या. लोळ म्हणते न्हवं."