एक्केचाळीस नंबरची ऊब

सकाळी दहाच्या सुमारास एक्केचाळीस नंबरची पट्टी गरम लागली आणि शेरेमाळच्या समाजमंदिरात बायकांचा एकच गलका झाला. चार महिने ही पट्टी खिळ्याला गारढोण लटकत होती. वैजूआक्कांनी ती गालाला लावून पाहिली, शेजारणीच्या हातात दिली आणि सुवर्णाकडे वळून म्हणाल्या, "सुवर्णे, तुझी राखीव बंडी चढली बघ कुणाच्या तरी अंगावर."

सुवर्णा सणगर हसली. हसण्यावाचून इलाज नव्हता. पण ती बंडी कुठल्याही राखीव साठ्यात नव्हतीच. ती तिच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांखाली पडून होती.

शेरेमाळ हे माण तालुक्यातलं कोरडं गाव. इथं पाऊस थोडा, मेंढ्या पुष्कळ आणि फौजेत गेलेल्या पोरांचा अभिमान मेंढ्यांहूनही जास्त. उत्तरेच्या सीमेवर लढाई पेटून दुसरा हिवाळा चालू होता. पहिल्या हिवाळ्यात गावानं चिवडा पाठवला, लाडू पाठवले, झेंडे लावले. मग इचलकरंजीच्या एका प्रयोगशाळेत स्पंदसूत निघालं आणि गावाला खरं काम मिळालं.

स्पंदसूत म्हणजे केसाएवढा बारीक धागा. लोकरीबरोबर तो मागावर सहज विणता येतो आणि अंगाची ऊब त्याला कळते. बंडीच्या शिवणीत तिळाएवढी एक चकती असते, ती ही ऊब उपग्रहाला कळवते. त्याच सुतातून विणलेली वीतभर पट्टी घरी खिळ्याला टांगायची. तिकडे बंडी घालणाऱ्याचं अंग जेवढं उबदार, तेवढीच इकडे पट्टी तापते. तो कुठं आहे हे कळत नाही, त्याचं नावही कळत नाही. जिवंत आहे, एवढंच हाताला कळतं.

कोणती बंडी कुणाच्या अंगावर आहे, हे फक्त पुण्याच्या ऊब-संपर्क केंद्रातल्या यंत्राला ठाऊक होतं. गावानंच तसं मागून घेतलं होतं. आपल्याच लेकाची पट्टी हाती आली तर आई ती सोडून दुसरं काही करायची नाही, हे बायकांना पक्कं माहीत होतं. म्हणून रोज सकाळी प्रत्येकीनं सगळ्याच पट्ट्यांवरून हात फिरवायचा, असा रिवाज पडला. जवान गेल्याचं पत्र आलं की केंद्र पट्टीचा नंबर कळवी. मग ती पट्टी घडी घालून त्याच्या घरी जाई आणि तिचा खिळा कायमचा रिकामा राही. सत्तर खिळ्यांपैकी तीन असे रिकामे झाले होते. त्यामुळे उगाच रिकामा राहिलेला खिळा गावात कुणालाही बघवत नसे.

सुवर्णाची चूक इथंच झाली होती. एक्केचाळिसावी बंडी विणताना तिच्या हातून लोकरीला लावायची चिंचोक्याची खळ जाड झाली, लोकर ताठरली आणि स्पंदसूत मागावर चार ठिकाणी तुटलं. सदोष बंडी सीमेवर पाठवायची नाही, हा नियम तिचाच. दुसरी विणेपर्यंत थांबावं, तर ट्रक दारात उभा. तिनं एकोणसत्तर बंड्या भरल्या, कागदावर सत्तर लिहिल्या आणि खिळा रिकामा दिसू नये म्हणून पट्टी मात्र टांगून ठेवली. बायकांना सांगितलं की ही बंडी राखीव साठ्यात आहे. गावातली पहिल्या नंबरची मागवाली ती, आपला हात चुकला हे कबूल करणं जिवावर आलं. त्या दिवसापासून, आपल्यामुळे एखादं पोर बंडीविना राहिलं असेल, ही टोचणी तिच्या मनाला लागून राहिली होती.

आता ती पट्टी घेऊन घरी आली, पेटी उघडली. बंडी होती तिथंच होती, आणि घागरीच्या बुडासारखी गार. हातातली पट्टी मात्र गरम.

ती परत समाजमंदिरात गेली आणि सावकाश, एकेका पट्टीवर तळवा टेकवत ओळीच्या टोकापर्यंत चालत गेली. तिचा हात विणकरणीचा होता, त्याला फरक कळे. बारा नंबरचा गडी रात्रपाळीचा असावा, त्याची पट्टी सकाळी कोमट असायची आणि जेवणवेळेला तापायची. पंचावन्नवाला अंगानं उष्ण. एकसष्टवाला गेल्या महिन्यात तापानं फणफणला होता, तेव्हा बायकांनी देवाला नारळ बोलला होता. आज बारा, पंचावन्न, एकसष्ट, सगळ्या पट्ट्या एकाच तव्यावरून उतरवल्यासारख्या एकसारख्या लागत होत्या.

तिचा लेक शिवतेज तिकडे सीमेवरच होता. त्याचा शेवटचा फोन येऊन एकोणीस दिवस झाले होते. हे एकोणीस दिवस तिनं या पट्ट्यांच्या भरवशावर काढले होते.

आणि आजचाच दिवस नेमका वाईट होता. उद्या दिल्लीत पुरवणी युद्धनिधीवर मतदान होतं. विरोधक म्हणत होते, खिंड बंद पडली आहे, पुढच्या चौक्यांना काहीच पोचत नाही, आधी पोरं परत आणा. सरकार म्हणत होतं, सगळं वेळेवर पोचतंय, आता हात आखडू नका. सरकारला चार-पाच मतं कमी पडत होती. इथले खासदार हणमंत काटकर अपक्ष. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की शेरेमाळची ग्रामसभा सांगेल तसं मत देईन. दोन वाजता ते येणार, ठराव घेणार आणि पट्ट्या काचेच्या पेटीत घालून दिल्लीला नेणार होते. भर सभागृहात या पट्ट्या दाखवून ते सांगणार होते, हात लावून बघा, आमची पोरं उबेत आहेत.

गावात यावर दुमत नव्हतं. निधीला विरोध म्हणजे पोरांना विरोध, इतका साधा हिशोब. मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर कुणी लढाई थांबवण्याचं भाषण करायला उभा राहिला, तेव्हा त्याला बायकांनी पिटाळून लावलं होतं आणि त्यात सुवर्णाच सगळ्यांच्या पुढे होती.

दीडच्या सुमाराला ऊब-संपर्क केंद्राचा अभियंता काचेची पेटी घेऊन आला. निनाद केळुस्कर त्याचं नाव, तिशीच्या आतला, बोलायला मऊ. सुवर्णानं त्याला समाजमंदिराच्या मागच्या खोलीत नेलं. एका हातात बंडी दिली, दुसऱ्या हातात पट्टी. त्यानं शिवणीतला नंबर वाचला, पट्टीवरचा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, ही बंडी इथं कशी?"

"ते माझं पाप. गावाला मी सांगीन. तुमी तुमचं सांगा."

त्यानं सांगितलं, आणि सांगताना एकदाही तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. अकरा दिवसांपूर्वी खिंडीवरचा संदेश-मनोरा पडला आणि बंड्यांचे संदेश थांबले. एकाएकी सगळ्या पट्ट्या गार पडल्या तर गावोगाव हाहाकार होईल, म्हणून यंत्र प्रत्येकाच्या शेवटच्या दिवसाची ऊब रोज तशीच पुन्हा चालवत राहिलं. याला केंद्रात 'भरणी' म्हणत. काल ती यादी बिघडली. मतदान तोंडावर आलेलं, म्हणून घाईघाईत सगळ्या चालू नोंदींना एकच सरासरी ऊब लावून टाकली. त्यात एक बंडी कधी कुणी घातलीच नव्हती, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

"मग पोरं?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही, काकू. नुसता मनोराच पडला असेल. कालपासून दुसऱ्या एका उपग्रहावरून खरे संदेश यायला लागलेत. पण ते उघडलेले नाहीत. मतदान झाल्यावर उघडा, असं वरून आलंय."

पट्ट्या करारानं गावाच्या मालकीच्या होत्या. ग्रामसभेनं लेखी मागणी केली तर भरणी बंद करणं त्याला भाग होतं, हेही त्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याचा जीव हलका झाल्यासारखा दिसला. सुवर्णाच्या जिवावर मात्र धोंडा येऊन बसला.

दाराशी वैजूआक्का उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तीन रिकाम्या खिळ्यांमधला एक त्यांच्या थोरल्याचा. धाकटा सार्थक अजून सीमेवर होता.

"नको इचारूस सभेत," त्या म्हणाल्या. "एका खिळ्यानं माझं घर बसलंय. खोटी का आसंना, ऊब हाय की हाताला. उद्याचा दिवस जाऊ दे."

खरं सांगायचं तर सुवर्णालाही तेच हवं होतं. पट्टी गरम आहे तोवर शिवतेज कुठंतरी बसून चहा पितोय असं मानता येत होतं, आणि ते मानणं सोडायला कुठली आई तयार होईल? पण चार महिने एका खोट्या कागदाची बोच तिनं सोसली होती. आपल्या एका बंडीच्या खोट्यानं झोप उडाली असेल, तर या सदुसष्ट पट्ट्यांचं खोटं घेऊन जगायचं कसं, हे तिला उमगेना.

सभा भरली. सरपंचांनी निधीच्या पाठिंब्याचा ठराव वाचला, खासदारांनी पोरांच्या शौर्याचे गोडवे गायले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काटकर पट्ट्या काढायला उठले तेव्हा सुवर्णा पुढं आली आणि तिनं बंडी टेबलावर ठेवली. तिनं आधी स्वतःची चूक सांगितली. खळ जाड झाली, सूत तुटलं, कागदावर खोटं लिहिलं. मग एक्केचाळीस नंबरची पट्टी खासदारांच्या हातात दिली.

"साहेब, ही बंडी चार म्हयनं माझ्या पेटीत हाय. मग ही पट्टी कुणाच्या अंगानं तापली?"

केळुस्करनं उभं राहून अकरा दिवसांची हकिगत सांगितली. ती संपायच्या आत मागं रडणं सुरू झालं आणि कुणीतरी सुवर्णाला शिवी हासडली.

काटकर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, हे उद्या बाहेर गेलं तर निधी नामंजूर होईल. पोरं खरंच अडकली असतील तर त्यांना सोडवायला पैसा कुठून आणायचा? त्या प्रश्नात तथ्य होतं आणि ते सुवर्णालाही कळत होतं.

"निधीला मी न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणाली. "द्या. आजून मागा. पर कशासाठी देताय ते तरी कळू द्या. पोरं उबेत हायत म्हणून द्यायचा का पोरं गारठत्यात म्हणून द्यायचा, ह्याच्यात फरक हाय का न्हाई? का पोरांस्नी परत आणायसाठीच द्यायचा, त्ये खरं कळल्याबिगर कसं ठरवायचं?"

बराच वेळ वाद झाला. गावाची अब्रू जाईल, असं एका माजी सुभेदारांचं म्हणणं पडलं. दुसऱ्यानं त्यांनाच विचारलं, चौकीवर असताना खोटा निरोप आलेला तुम्हाला चालला असता का. ते खाली बसले. शेवटी सरपंचांनी मतं मागितली, भरणी बंद करून पट्ट्या खऱ्या कराव्यात का. पहिला हात सुवर्णाचा वर गेला. मग इकडून एक, तिकडून दोन, असं करत सभेच्या निम्म्याहून जास्त हात वर झाले. वैजूआक्कांचा हात मांडीवरच राहिला.

केळुस्करनं ठराव वाचला, सही घेतली आणि त्याच्या यंत्रावर काहीतरी टिपलं. खरी ऊब यायला दहा मिनिटं लागतील, असं त्यानं सांगितलं. बायका उठल्या आणि खिळ्यांवरच्या पट्ट्या काढून घेऊ लागल्या. दिसेल ती पट्टी हातात घ्यायची, मूठ आवळायची आणि जागेवर येऊन बसायचं. सुवर्णाच्या हाती बारा नंबर आली. एक्केचाळीस टेबलावरच होती.

दहा मिनिटं गेली. सरपंचांनी एक्केचाळीसला बोट लावलं आणि मान हलवली. ती गार पडली होती. म्हणजे यंत्र आता खरं बोलत होतं.

तरीही एकही मूठ उघडेना. मुठीत आवळलेली पट्टी गरम लागणारच होती, आपल्याच तळव्याच्या उबेनं. हे सगळ्यांना कळत होतं आणि म्हणूनच प्रत्येकीची मूठ जास्तच घट्ट होत होती. काटकरांनी घड्याळाकडं पाहिलं. त्यांची गाडी बाहेर चालू होती, पण ते हलले नाहीत.

सगळ्यांत आधी वैजूआक्का उठल्या. त्यांनी कोपऱ्यातली काळी घोंगडी मधोमध पसरली आणि आपली पट्टी तिच्यावर ठेवली.

"धरून बसल्यावर कसं कळणार?" त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून पट्टीपासून चार हात लांब जाऊन बसल्या.

सुवर्णानं बारा नंबर त्या पट्टीशेजारी ठेवली. ठेवताना बोटं सुटायला वेळ लागला. मग एकेक करून बाकीच्या आल्या. तळव्यांची ऊब उतरायला पाच मिनिटं पुरतील, असं केळुस्कर म्हणाला. पाच झाली, मग सात झाली. सहासष्ट पट्ट्या घोंगडीवर ओळीनं पडल्या होत्या, नुसत्या बघून कुठलीच गरम की गार हे कळत नव्हतं, आणि भोवती सगळं गाव हात मांडीवर ठेवून बसलं होतं. यातली कुठली कुणाच्या पोराची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पहिला हात लावायचा तो कुणी?