ढगाहून मऊ गादी

लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावरून कुणीतरी कागदात डोकावलं आणि मोठ्यानं वाचलं, "ढगाहून मऊ गादी!" मग तोच आवाज म्हणाला, "ढगावर झोपलेला माणूस थेट खाली येईल हो."

मी गर्रकन वळले. बोटांना निळा रंग, डोळ्यांत हसू...

"व्यतिरेक अलंकार आहे तो," मी फणकारले. "शाळेत शिकवतात!"

"असेल बाई. मी नवा चित्रकार. ही गादी मलाच काढायचीय."

आमच्या जाहिरात कंपनीत लेखक आणि चित्रकार जोडीनं, एकाच टेबलावर काम करतात. नव्या चित्रकारानं महिनाभर आलटून पालटून आम्हा दोघींकडे बसायचं आणि मग कायमची जोडीदार निवडायची, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. दोघी म्हणजे मी आणि बुलबुल. सतत गुणगुणते म्हणून ऑफिसनं तिला दिलेलं हे नाव. लिहिते मात्र झकास... हे कबूल करतानाही माझ्या पोटात दुखतं.

माझ्या टेबलावर तो गप्प गप्प. पेन्सिल फिरवायची, खोडायचं, चोरून बघायचं... विचारलं तर "काही नाही." आणि बुलबुलकडे? खिदळणं काय, टाळ्या काय! वर त्यांची चित्रंही भराभर व्हायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

निवडीच्या दिवशी मी ठेवणीतली सगळी अस्त्रं काढली. त्याच्यासाठी पानभर मजकूर लिहिला. उत्तर नको असलेले प्रश्न विचारले, एकेक शब्द तीन तीनदा घोळवला, अनुप्रासाला तर धरबंधच नव्हता. 'सूर, साथ, सोबत... सोडाल का सहज?'

त्यानं शांतपणे वाचलं. "छान आहे. पण मला कुणीतरी गादी विकतंय असं वाटलं."

"मग बुलबुललाच घ्या!" माझा आवाज चिरकला. "तुम्ही तिच्याशी हसता ना, तेव्हा माझा जीव जळतो. तुम्ही आवडता मला. झालं?"

तो थबकला. "यात अलंकार कुठला?"

"एकही नाही."

"'जीव जळतो' हा तर—"

"तो खरंच जळतो!"

त्याचं हसू मावळलं. "मी सकाळीच बाईंना बुलबुलचं नाव सांगून आलोय."

माझे डोळे भरून आले. मी उठायला लागले, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"ऐक तरी! तू शेजारी असलीस की माझा हातच चालत नाही. हे असंच चाललं तर नोकरी जाईल माझी."

"अतिशयोक्ती..."

"हे बघ." त्यानं माझ्या जाहिरातीचा कागद पुढे केला. महिना झाला तरी गादीला तिसरा कोपरा नव्हता. "कामापुरती बुलबुल," तो हळूच म्हणाला. "बाकी सगळ्याला तू... चालेल?"

मी नाक पुसलं. "चालेल. पण तिच्याशी एवढं खिदळायचं नाही."

"थोडंसं?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. मनगट मात्र सोडवून घेतलं नाही.