शंभर मिलिमीटर

पंचशीला वाकोडे इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्या खोलीत चपला घालून कधीच शिरली नाही. पोटापाण्याचं काम चालतं तिथं चपला बाहेर काढायच्या, हे तिच्या महूच्या घरातलं वळण. जिना चढायचा, चपला काढायच्या, आत जायचं आणि आतून वरची कडी लावायची. कडीचं कारण वेगळं होतं. लेसर चालू असताना कुणी धाडकन आत आलं आणि डोळ्यात किरण गेला, तर डोळा कायमचा जाणार. त्या जुन्या शिसवी दाराला कडी एकच होती, तीही चौकटीच्या माथ्यावर, तिचा हात जेमतेम पोचेल इतकी उंच.

खोलीत एक टेबल होतं, एक स्टूल होतं आणि टेबलावर मशीन. लेसर कटरच्या दुनियेतलं सगळ्यात स्वस्त मशीन, ऑनलाइन मागवलेलं, खोक्यातून तुकड्यातुकड्यांनी निघालेलं. सहा महिन्यांपूर्वी शाळेतली कॉम्प्युटर टीचरची नोकरी सोडून तिनं ते घेतलं, तेव्हा तिचे बाबा चांगदेव महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. ते महूच्या लष्करी वर्कशॉपमधले निवृत्त फिटर. लागलेली नोकरी सोडणारं माणूस त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

खोली घेतली तेव्हा आधीच्या भाडेकरूचं किडूकमिडूक खिडकीत पडलेलं होतं. थोडे खिळे, सरसाचा डबा आणि एक हातोडी. हातोडी बोटभर लांबीची, खेळण्यातली असावी इतकी लहान. तिची मूठ मात्र वापरून गुळगुळीत झालेली.

"दिनानाथजी होते इथं, फ्रेमवाले," खालच्या कागदाच्या दुकानातला नीरज म्हणाला होता. "एकदम शांत आदमी, दीदी. सामान सोडून निघून गेले. जाताना दिसले नाहीत कुणाला."

पंचशीलानं हातोडी तिथंच राहू दिली. छान दिसत होती.

सुरुवातीचे महिने नेमप्लेटांवर निघाले. नेमप्लेट मिलिमीटरभर कमी निघाली म्हणून कुणी घर बदलत नाही. मग बाबांनी स्वतः होऊन काम आणलं. महूला नवं विहार होत होतं, त्याच्या चार झरोक्यांना पिंपळपानांच्या जाळ्या हव्या होत्या. झरोक्यांच्या चौकटी बाबांनी स्वतःच्या हातानं बनवल्या होत्या. कमिटीसमोर ते म्हणाले, "जाळ्या माझी पोरगी करेल." उद्घाटन रविवारी होतं. बाबांनी तिला माफ केलं ते असं, चार चौकटींच्या रूपानं, आणि ती जीव तोडून कामाला लागली.

सोमवारी महूला जाऊन पहिली जाळी चौकटीत बसवून पाहिली. तीनशे मिलिमीटरला तीन मिलिमीटर कमी.

"पण मी मोजली होती, बाबा. पूर्ण तीनशे होती."

"कशानं मोजली?"

"माझ्या खोलीतल्या पट्टीनं. प्लास्टिकची."

बाबांनी कपाळाला हात लावला. मग पेटीतून स्टीलची फूटपट्टी काढून तिच्या हातात ठेवली. वर्कशॉपची, कोपऱ्यात नंबर ठोकलेली. "हिच्यावर अख्ख्या रणगाड्याचे पार्ट मोजलेत. आता बोल."

मंगळवारी तिनं शंभर मिलिमीटरचा चौकोन कापला आणि त्या पट्टीवर ठेवला. नव्व्याण्णव. मशीन खोटं बोलत होतं तर. तिला बरंच वाटलं, कारण मशीनची चूक सापडते आणि सापडली की दुरुस्त होते. तिनं पट्टे ताणले. पुलीचा बारीक स्क्रू ढिला होता, तो आवळला. लेन्स पुसली, आरसे सरळ केले. किरण स्वतःच कापताना केसभर लाकूड खातो, तेही हिशेबात धरलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर एक चौकोन कापायचा आणि त्यावर पेननं वेळ लिहायची. दुपारपर्यंत टेबलावर चौदा चौकोन झाले. चौदाही नव्व्याण्णव.

शेवटी तिनं सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलला. एका मिलिमीटरला मोटरनं किती पावलं टाकायची, तो आकडा एक टक्क्यानं वाढवला. पंधरावा चौकोन बरोब्बर शंभर निघाला. तिनं पट्टी मशीनशेजारच्या खिळ्याला टांगली, म्हणजे हाताशी राहील, आणि खुशीत नीरजला चहा पाजला.

त्या आठवड्यात बारीकसारीक कटकटी बऱ्याच झाल्या. धूर बाहेर टाकणारा पाइप खिडकीच्या भोकातून सारखा निसटत होता. मशीन भिंतीपासून वीतभर अंतरावर होतं, आता दोन विती वाटत होतं. थरथरीनं सरकलं असणार, असं म्हणून तिनं ते मागे ढकललं. संध्याकाळी चपला पायात घातल्या तर ढिल्या. जिन्यावर दोनदा निसटल्या. बुधवारी सिग्नलला अ‍ॅक्टिवा थांबवली तेव्हा पाय नीट टेकेनात. मेकॅनिकनं शॉकर बदलला होता, त्यानंच सीट उंच केली असणार.

"दीदी, बारीक झालात तुम्ही," नीरज म्हणाला. "पोहे खात जा."

गुरुवारी चारही जाळ्या घेऊन ती महूला गेली. स्टीलच्या पट्टीवर एकेक जाळी दोनदोनदा मोजली होती. चौकटीत ठेवली तर जाळी आरपार पडली. नऊ मिलिमीटर कमी. कमिटीतली दोन माणसं शेजारी उभी होती, ती हळूच बाहेर गेली. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. ते फक्त तिच्याकडे बघत राहिले, थोडं वरून खाली. आजवर बापलेक एका उंचीचे होते.

शनिवारी सकाळी बाबा स्वतः इंदूरला आले. खिशात दुसरी पट्टी होती, त्याच खेपेतली, तिच्या नंबरच्या पुढचा नंबर असलेली.

"तुझी दाखव."

तिनं खिळ्यावरची काढून दिली. बाबांनी दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या, एका टोकाला टोक जुळवून.

तिची पट्टी दीड सेंटिमीटर आखूड होती.

कापलेली नव्हती. शून्यापासून तीसपर्यंत सगळे आकडे होते, सगळ्या रेघा होत्या, फक्त दाट. कोपऱ्यातला ठोकलेला नंबरही तसाच, थोडा बारीक. टांगायचं भोकही बारीक.

बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग हळूच त्यांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला, स्टुलावर ठेवला, आणि शेवटी तिच्या डोक्यावर.

"मशीनची गडबड नाहीये, बेटा," ते म्हणाले. "कमऱ्याची आहे. चल, सामान उचल."

"मशीन?"

"तेही. मी सियागंजातून लोडिंग रिक्षा आणतो. तू तारा काढून ठेव. बस."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली. पंचशीला भीतीनं थंड पडली होती, हे खरं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती रिकामी चौकट होती आणि बाहेर गेलेली दोन माणसं होती. उद्या रविवार. महूला नेऊन मशीन पुन्हा जुळवायला दोन दिवस तरी लागणार. बाबांची खरी पट्टी टेबलावर होती. आता चूक किती, ते कळलं होतं. तेवढा आकडा वाढवायचा, चार जाळ्या कापायच्या आणि एक क्षणही न थांबता बाहेर न्यायच्या. चाळीस मिनिटांचं काम.

तिनं दार लावलं. हात सवयीनं कडीकडे गेला. चवड्यांवर उभी राहिली, तरी बोट लागेना. मग उडी मारून तिनं कडी लावली. लावल्याशिवाय ती मशीन चालूच करत नसे.

मशीन सुरू झालं. जळक्या लाकडाचा वास भरला. पाइप निसटून खाली पडला, तिनं लक्ष दिलं नाही. पहिली जाळी. दुसरी. तिसरीच्या वेळी झाकण उचलायला दोन्ही हात लागले. चौथी कापून होईपर्यंत खोलीतला उजेड तोच होता, पण खिडकी लांब गेली होती.

तिनं जाळी बाबांच्या पट्टीशी लावायला हात पुढे केला. पट्टी टेबलावर आडवी पडली होती, तीही आता खोलीतलीच. जाळी तिच्याशी अगदी बरोबर जुळली.

पंचशीला दाराकडे धावली.

कडी वर होती. खूप वर.

तिनं स्टूल ओढून आणलं. स्टूलही आता तेवढं उंच नव्हतं. ती वर चढली, हात ताणला, उडी मारली. बोटं लाकडावरून घसरली.

जिन्यावर पावलं वाजली. बाहेर थांबली.

"पंचशीला? तुझ्या चपला इथंच आहेत. दार उघड."

"कडी निघत नाहीये, बाबा."



"बेटा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जाड होता आणि फार वरून येत होता. "तू अशी का बोलतेस? लहानपणी बोलायचीस तशी?"

तिनं पुन्हा उडी मारली. बोटं पोचली नाहीत.

"घाबरू नको. मी नीरजला बोलावतो, दार तोडतो. तोवर तू कडीला खालून ठोक. काहीतरी घे आणि ठोक."

पावलं धडधडत खाली गेली. तिनं आजूबाजूला पाहिलं. पाना जड होता, तो दोन्ही हातांनीही उचलेना. मग तिला खिडकीतली वस्तू आठवली. भिंतीला धरून, पडलेल्या पाइपवर चढून तिनं खिडकीत हात घातला.

हातोडीची मूठ गुळगुळीत होती. तिच्या मुठीत ती बरोब्बर बसली.