खरवडलेलं नाव

हेनुतने ओसरीवरच्या शवपेटीवरची चादर काढली आणि तशीच जाऊन पहाऱ्याचा नायक सेनबी याला घेऊन आली.

पेटीवरचं वडिलांचं नाव कुणीतरी खरवडून काढलं होतं. मेलेल्याला बाहेर दिसावं म्हणून रंगवलेल्या दोन्ही डोळ्यांवर चिखल थापला होता, अजून ओला.

"पहाटे मी पाण्याला गेले तेव्हा सगळं नीट होतं," ती म्हणाली. "उद्या पुरायचंय. नावच नसेल तर बाबा पलीकडे कोण म्हणून उठतील?"

वडिलांचं नाव आमूनहेब. सूर्यदेव आतेनच्या नव्या राजधानीत, अखेतातेनमध्ये, जुन्या आमूनदेवाचं नाव घ्यायची बंदी होती. राजाचे छिन्नीवाले थडग्यांतूनही ते खोडत फिरत.

सेनबीने फडका भिजवून डोळे स्वच्छ पुसले. मग पेटी बनवणाऱ्या इपी सुताराला बोलावून विचारलं, "छिन्नीवाले आले होते?"

"ते आले की गल्लीला कळतं, नायक. दार फोडतात, वर बिअर मागतात. आणि खोडतात फक्त देवाचं नाव."

"इथं?"

"इथं अख्खा माणूस खोडलाय."

दुपारी हेनुतचा धाकटा भाऊ आतेनमोसे आला. कचेरीतला लेखनिक, अंगाला अत्तर, कडक पांढरं वस्त्र. तो पेटीपाशी थबकला.

"डोळे कोणी धुतले?"

"मी," सेनबी म्हणाला. "तू कधी आला होतास?"

"चार दिवस फिरकलो नाही. ताईला विचारा."

"सूर्यमंदिरात नेमणूक होतेय म्हणे."

"सूर्याची कृपा."

सेनबी उठला. "छिन्नीवाल्यांना मेलेल्याची नजर टोचत नाही, ते त्याला ओळखत नाहीत. डोळे झाकतो तो घरचा. आणि तू आलास तेव्हा डोळे स्वच्छ होते. ते धुवावे लागले हे तुला कसं कळलं, आमूनमोसे?"

जुनं नाव ऐकताच त्याने रस्त्याकडे पाहिलं. "हळू बोला. उद्या पुरायला मंदिरातली माणसं येणार. मी कुणाचा मुलगा, हे पेटीवर वाचलं असतं त्यांनी."

"बाबांच्या तोंडाला चिखल फासलास," हेनुत म्हणाली.

"डोळ्यांनाच फक्त, ताई."

कायद्याने हा गुन्हाही नव्हता. वर कळवलं असतं तर याला बक्षीस मिळालं असतं.

सेनबीने इपीकडून झाकण उचलून घेतलं आणि आतेनमोसेपुढे ठेवलं. "आतून वडिलांचं नाव लिही. त्यांच्या तोंडासमोर. आणि खाली मुलाचं नाव, त्यांनी ठेवलेलं."

आतेनमोसेने वडिलांचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख होतं. स्वतःच्या नावापाशी हात थांबला, शाई ठिबकत राहिली.

हेनुतने लेखणी काढून घेतली.

"राहू दे. पलीकडे बाबांनी तुला शोधत बसायला नको."